दाजींचा अनवाणी ठराव

मराठवाड्यातल्या जमिनीची खडान्‌खडा माहिती कुणाला असेल, तर ती भूजल खात्याला नव्हे, आमच्या दाजींच्या तळपायांना. चाकूरकडचा मुरूम कसा टोचतो, धर्माबादच्या बाजारात सांडलेल्या मिरच्या टाचेच्या भेगांत शिरून दोन दिवस कशा झोंबतात, किनवटच्या रानातली माती बोटांच्या फटींत कशी गारेगार बसते आणि लातूरचं डांबर मे महिन्यात माणसाला कसं सोडता सोडत नाही, हे सगळं ते डोळे मिटून सांगत. कारण सेवानिवृत्तीच्या दिवसापासून दाजी अनवाणी चालत होते. आमच्या तालुक्याचा जिल्हा झाल्याशिवाय पायात चप्पल घालणार नाही, असा त्यांचा ठराव होता. तालुक्याचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. सांगितलं तर शेजारचा तालुका भांडायला येईल, आणि त्या तालुक्याचा एक माणूस या हकिगतीत येणारच आहे. तेवढा एक पुरे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. एसटीत कंट्रोलर होते. स्टँडवरच्या त्या जाळीच्या केबिनमध्ये बसून त्यांनी इतकी वर्षं माइकवर गाड्या पुकारल्या की साधं बोलणं ते विसरूनच गेले. भूक लागली की स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणायचे, "भाकरीची वाट पाहणाऱ्या प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, भाकरी उशिरा धावत आहे." आतून आक्का ओरडायची, "भाकरी रद्द झाली म्हणून सांगा!" माझ्या लग्नात मंगलाष्टकांऐवजी आमच्याकडे त्रिशरण-पंचशील झालं, वातावरण कसं शांत, गंभीर, आणि ते संपतं न संपतं तोच दाजींनी माइक ओढून घेतला आणि नवरीकडच्या मंडळींना जेवणाचा फलाट क्रमांक सांगितला. माझे सासरे अजूनही विचारतात, "ते रेल्वेतले पाव्हणे कसे हायत?" एसटीवाल्याला रेल्वेतला म्हणणं हा केवढा अपमान आहे, हे त्यांना आजवर कुणी सांगितलेलं नाही.

एसटीत आयुष्य गेल्यामुळे दाजींचा एक नियम मात्र पोलादी होता. रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही. पुढच्या पाळीचा माणूस समोर येऊन उभा राहिला, त्याने तोंडाने "चार्ज घेतला" म्हटलं, तरच खुर्चीतून उठायचं. थोरल्या मुलाचा जन्म झाला तेव्हा रिलीव्हर वेळेवर आला नाही म्हणून हे केबिनमध्येच बसून राहिले, आणि मुलगा झाल्याची बातमी त्यांना उदगीर गाडीच्या कंडक्टरने दिली. आक्काने तो कंडक्टर आणि ती गाडी, दोघांनाही अजून माफ केलेलं नाही.

जिल्ह्याचं वेड त्यांना तरुणपणीच लागलं. लातूर उस्मानाबादेतून वेगळं होऊन नवा जिल्हा झालं, तेव्हा ते नोकरीत नवे होते. पाट्या बदलताना त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या. माणूस त्याच गावात झोपला आणि जिल्ह्याच्या ठिकाणी उठला, या चमत्काराने ते भारावले. लातूरचं झालं, मग आमचं का होऊ नये? त्या दिवसापासून पापड हातात आला तरी ते त्याचा नकाशा करत. एक चावा घेऊन म्हणत, "हा तेलंगणाच्या बाजूनं निघाला." निवृत्तीच्या दिवशी स्टँडवर निरोपाची सभा झाली. भाषणाच्या शेवटी त्यांनी खात्याचे काळे बूट काढून टेबलावर ठेवले आणि पुकारा केला. मागोमाग जिल्ह्याच्या मागणीसाठी काढलेल्या कृती समितीच्या सगळ्या सभासदांनी टाळ्यांच्या गजरात चपला काढल्या. वर्षभरात एकेक पाय परत चपलेत शिरला. उपाध्यक्षांना डॉक्टरांनी सांगितलं. खजिनदारांच्या मुलीचं लग्न निघालं. चिटणीस म्हणाले, "मी फक्त बाहेर जाताना घालतो." उरले एकटे दाजी.

आक्का बेजार झाली होती. आमच्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच घरातले नवस-सायास संपले. पण आक्का म्हणायची, "नवस तरी परवडला असता रे. देवाला सांगून सवलत मागता येते. कृती समितीशी कोण बोलणार?" त्यावर दाजी बोट वर करून म्हणत, "नवस न्हाई, ठराव हाय. सूचक हाय, अनुमोदक हाय. अंधश्रद्धा आपल्याला मान्य न्हाई." आणि बाहेर निघून जात, अनवाणी.

पुढे साखरेने त्यांची किडनी गेली आणि आठवड्यातून दोनदा लातूरला डायलिसिस सुरू झालं. सकाळच्या गाडीने दाजी आणि आक्का डबा घेऊन यायचे, आणि मी लातूरलाच राहत असल्यामुळे स्टँडपासून दवाखान्यापर्यंत सोबत करायचो. त्याच वर्षी लातूरला प्यायचं पाणी रेल्वेने आणावं लागलं. घरोघर पिंपांची रांग, गल्लोगल्ली टँकरची वाट. दाजींना दिवसाचं पाणी डॉक्टरीणबाईंनी मोजून दिलेलं. तांब्याकडे पाहत ते समाधानाने म्हणत, "बघा मेव्हणे, पहिल्यांदा मी एकटाच पाणी मोजून पीत होतो. आता अख्खं लातूर माझ्या पथ्यात सामील झालंय." मशीनला मात्र भरपूर पाणी लागतं, हे त्यांना डाचायचं. गाळून उरलेलं पाणी गटारात जातंय हे कळल्यावर त्यांनी वॉर्डात एवढ्या घोषणा केल्या की दवाखान्याने बाहेर पिंप ठेवलं आणि ते पाणी झाडलोटीला, झाडांना जाऊ लागलं.

डायलिसिसच्या खोलीत त्यांच्या शेजारच्या खाटेवर शेजारच्या तालुक्याचे मास्तर होते. गणिताचे, निवृत्त. त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढलेला होता. चाकाच्या खुर्चीतून यायचे. आणि ते त्यांच्या तालुक्याच्या जिल्हा समितीचे अध्यक्ष होते! नियतीला एवढी बारीक थट्टा सुचते हे पाहून मला फार आनंद झाला. दोघांच्या हाताला नळ्या लागलेल्या, उठून जाता येत नाही, आणि चार तास जिल्हा कुठे व्हावा यावर भांडण.

"तुमच्याकडं नदी हाय का, कंट्रोलरसाहेब?"

"तुमच्या नदीत पाणी हाय का, मास्तर?"

"पाणी यंदा कुणाकडंच न्हाई. पण नदी ती नदी. कलेक्टर कचेरीला नदीकाठ शोभतो."

"मग कलेक्टरला होडी बी द्या!"

सिस्टर सुरुवातीला त्यांना गप्प करायची. मग तिच्या लक्षात आलं की बाकीचे पेशंट घड्याळाकडे बघून कंटाळतात आणि या दोघांना मशीन थांबलं तरी पत्ता नसतो. तिने बोलणं सोडून दिलं. फक्त ब्लडप्रेशर वर गेलं की म्हणायची, "आजचा जिल्हा पुरे आता."

आता या खोलीचा एक रिवाज होता. चपला, बूट सगळे दाराबाहेर काढायचे. त्यामुळे आत प्रत्येकच माणूस अनवाणी. आणि नेमकी इथेच सगळ्यांची फसगत झाली. दाजी घरून तसेच आलेत, हे तिथे कुणाला कळलंच नाही. थंडी वाजते म्हणून त्यांचे पाय सदोदित चादरीखाली. पोटरीत गोळे येतात म्हणाले, तर सगळ्यांना वाटलं, डायलिसिसमध्ये पाणी जास्त ओढलं की येतातच. आम्ही घरचे? आम्हाला त्या अनवाणी पायांची इतकी सवय झाली होती की ते आम्हाला दिसतच नव्हते.

आणखी एक गोष्ट मला दिसत होती आणि कळत नव्हती. स्टँडवरून दवाखान्याकडे जाताना दाजी थोडं चालले की थांबायचे. थांबले की हात पसरून बोलू लागायचे. "समजा मेव्हणे, हा आपला तालुका हाय. तर हितं जिल्हा न्यायालय." पुढच्या खांबाशी जिल्हा परिषद. त्याच्या पुढच्या दुकानापाशी पोलीस अधीक्षक. मी मनात म्हणायचो, काय हे भाषणाचं खूळ! भाषण आलं की दाजींना चालवत नाही. खरं तर गोष्ट बरोबर उलटी होती. पोटरी धरून यायची, पाऊल उचलवायचं नाही, आणि ते लपवायला ते तिथं न्यायालय बांधत होते.

मेमध्ये त्यांच्या गल्लीत टँकर आला. आक्काने लाख सांगूनही दाजी कळशी घेऊन भर दुपारी डांबरावर रांगेत उभे राहिले. साखरेने तळव्यांची जाणीव गेलेली. भाजलं तरी त्यांना कळलं नाही. पुढच्या फेरीला डायलिसिस चालू असताना त्यांची चादर सरकली. मास्तर नदीवर बोलता बोलता एकदम थांबले.

"कंट्रोलरसाहेब, तो अंगठा दाखवा."

"कशाला? सही न्हाई का करता येत तुम्हाला?"

"चेष्टा बास. सिस्टर, हिकडं या. ह्यांचा अंगठा बघा." मास्तरांचा आवाज इतका वेगळा होता की खोलीतली सगळी माणसं वळली. "माझ्या बी अंगठ्याचा रंग असाच झाला हुता. मी म्हणलं, बूट चावला असंल. महिनाभर हळद लावली."

डॉक्टरीणबाई आल्या. टोकाला जांभळा-काळा पडलेला अंगठा, तळव्याला फोड, बर्फासारखं पाऊल, नडगीवर एक केस नाही. त्यांनी हाताचं ब्लडप्रेशर घेतलं, मग घोट्याला पट्टा बांधून पायाचं. पायाचं हातापेक्षा कितीतरी जास्त भरलं. दाजींचा चेहरा फुलला. "बघितलं मास्तर? अनवाणी चालल्याचा गुण! पाय हातापेक्षा दणकट निघाला."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "दाजी, तुमच्या घरी बोअरचं पाणी आहे ना? त्या पाण्यानं नळाच्या आत पांढरा खार धरतो की नाही? किडनीच्या पेशंटच्या रक्तवाहिन्यांत तसाच खार धरतो. नळी इतकी कडक झालीय की माझ्या पट्ट्यानं दबेचना. म्हणून आकडा मोठा येतोय. आकडा खोटा आहे." मग एक इवलासा पट्टा अंगठ्याला बांधून त्यांनी पुन्हा मोजलं, आकडा आणखी एकदा तपासला. शेवटी म्हणाल्या, "पावलापर्यंत रक्त पोचतच नाहीये. पाय वाचवायचा असेल तर उद्याच्या उद्या नांदेडला जा."

आम्ही गेलो. नांदेडच्या डॉक्टरांनी जांघेतून बारीक तार घालून, फुगा फुगवून तुंबलेली रक्तवाहिनी मोकळी केली. दाजी टेबलावर पडल्या पडल्या विचारत होते, "गाडी कुठपर्यंत आली?" डॉक्टरही मिश्कील. "गुडघा स्टँड सोडलं," म्हणाले. थोड्या वेळाने पाऊल कोमट झालं. आक्काने दोन्ही हातांत ते पाऊल धरलं आणि ती रडायला लागली. अंगठ्याचं टोक तेवढं गेलं, पाय राहिला.

पण निघताना डॉक्टरांनी साफ सांगितलं. ही जखम भरायला काही महिने लागतील. इथून पुढं मऊ सँडलशिवाय एक पाऊल टाकायचं नाही, घरातसुद्धा नाही. पुन्हा काही टोचलं, भाजलं, तर पाय ठेवता येईलच असं नाही. आक्काने तिथल्या तिथे सँडल घेतले. दाजींनी ते हातात घेतले, शिवण पाहिली, मालाची तारीफ केली, आणि पिशवीत ठेवले.

"घाला की," मी म्हणालो.

"ठराव हाय."

मग सुरू झाला आमचा छळ. पावलाला पांढरी पट्टी, आणि ती पट्टी जमिनीवर. सँडल पिशवीत बसून आमच्यासोबत लातूरला यायचे आणि परत जायचे. मी उपाध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, "अहो, तो ठराव आम्ही कधीच शिथिल केला." दाजींनी फोन हिसकावला. "कुठल्या सभेत? अध्यक्ष कोण हुतं?" पलीकडून फोन बंद.

डायलिसिसच्या खोलीत एक दिवस आक्काचा तोल सुटला. ती एरवी बाहेर बाकावर बसते. त्या दिवशी थेट खाटेपाशी आली.

"तुम्हाला रिलीव्हर पाहिजे ना? मी घेते चार्ज. आजपासून मी चप्पल घालणार न्हाई. तुम्ही घाला."

"तुझं नाव समितीत न्हाई."

"माझं नाव कुठल्याच समितीत नसतंय. डबा तेवढा माझा असतोय!"

सगळी खोली हसली. दाजी हसले नाहीत. "अगं, ऊन काय पडलंय बाहेर. तुझ्या पायाला काही झालं तर मी काय करू?"

"आत्ता कळलं?" आक्का म्हणाली. "मला बी तसंच हुतंय. रोज."

दाजी छताकडे बघत राहिले. त्यांना पटलं होतं, हे मला दिसत होतं. पण भर सभेत काढलेले बूट होते ते, आणि सभा त्यांच्या डोक्यात अजून उठलीच नव्हती. 

"कंट्रोलरसाहेब," शेजारून मास्तर म्हणाले. "वाटेत गाडीचा ड्रायव्हर आजारी पडला, तर तुम्ही काय करत हुता?"

"जवळच्या डेपोचा मागवायचा."

"दुसऱ्या डेपोचा चालतो?"

"चालतो की. प्रवासी पोचल्याशी मतलब."

मास्तरांनी आपली चादर बाजूला केली. गुडघ्याखाली संपलेला तो पाय त्यांनी थोडा वर उचलला.

"मग द्या चार्ज हिकडं. ह्या पायात जन्मात चप्पल येणार न्हाई. ऊन लागणार न्हाई, काटा टोचणार न्हाई. उपाध्यक्षासारखा हा फितूर बी हुणार न्हाई. तुमचा ठराव माझ्या पायात चोवीस तास ड्युटीवर राहील."

 दाजींनी मान मास्तरांकडे वळवली. "पण मास्तर, तुम्ही तर तिकडल्या तालुक्याचे. जिल्हा आमच्याकडं झाला तर?"

"झाला तर झाला. माझा पाय गेला, तो काय तालुका विचारून गेला का? फक्त हा तुमचा जाऊ देऊ नका. भांडायला मला पुढच्या वर्षी बी माणूस लागतोय."

दाजी उठून बसायला निघाले, सिस्टर धावली, "हात हलवू नका!" नळ्यांमुळे उठता येईना, म्हणून त्यांनी पडल्या पडल्याच मोकळा हात कपाळाला लावून सलाम ठोकला. "चार्ज दिला."

"चार्ज घेतला," मास्तर म्हणाले, आणि चादर अंगावर ओढून भिंतीकडे तोंड करून झोपले. झोपले कसले, त्यांचे खांदे हलत होते.

डायलिसिस संपल्यावर आक्काने दाराबाहेर पायरीवर बसून दाजींच्या पायांत सँडल घातले. ते खाली बघत होते, जणू हे पाय दुसऱ्या कुणाचे आहेत आणि आपल्याकडे सांभाळायला दिलेत. चालायला लागले ते एका पायावर अदबीने आणि दुसऱ्यावर संशयाने.

पुढं मास्तरांना कृत्रिम पाय बसला. पाय बसवणाऱ्यांनी सांगितलं की त्यात हवी ती चप्पल घाला. मास्तरांनी डावा पाय चपलेत आणि नवा पाय मोकळा ठेवला. रस्त्यात कुणी विचारलं, "मास्तर, एक चप्पल हरवली का?" तर म्हणतात, "ड्युटीवर हाय." दाजींची जखम भरली. आता स्टँडवरून दवाखान्यापर्यंत ते एका दमात जातात, आणि मीच धापा टाकत मधे एखाद्या खांबाशी थांबतो. पण मास्तर सोबत असले की दाजी हळू चालतात; त्यांच्या तालुक्याचा नकाशा ऐकून घेतात, अधूनमधून हूं म्हणतात.

जिल्हा काही अजून झालेला नाही. ना आमचा, ना त्यांचा. मध्ये एकदा दाजी मला लातूरच्या बाजारात घेऊन गेले आणि त्यांनी एक कोल्हापुरी चप्पल पसंत केली. माप मास्तरांचं होतं. मी म्हणालो, "दाजी, डाव्या पायाला त्यांच्याकडं आहे की. उजवीच मागून बघा, दुकानदार देईल कदाचित." दाजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खिशातले हात बाहेर काढले. "जिल्हा हुईल त्या दिवशी जुनी घालतील व्हय?" म्हणाले. "जोड घ्यायचा."

तो जोड आमच्या आक्काच्या कपाटात, तिच्या चांगल्या लुगड्यांच्या खाली ठेवलेला आहे. कातडं कोरडं पडू नये म्हणून ती अधूनमधून त्याला खोबरेल लावते. दोन्हींना, सारखंच.